तिसऱ्या गोळीपाशी

दिवेलागणीची वेळ झाली की खालच्या शेडमधून तो आवाज सुरू व्हायचा. खट्-खटाक. मग फरशीवर काहीतरी पितळी पडल्याचा बारीक आवाज. थोडं थांबून पुन्हा खट्-खटाक. गल्लीतले कापडवाले दुकानांच्या फळ्या लावत असायचे, मारुतीच्या देवळात घंटा वाजत असायची, आणि या सगळ्याखालून तो आवाज एखाद्या जुन्या घड्याळासारखा चालू राहायचा.

प्रतिमा पुण्याची. एम.एस्सी. झाल्यावर तिला बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या घेण्याचं काम मिळालं, आणि वडिलांच्या ओळखीतून चिकपेटच्या मागच्या गल्लीत नागोजीअण्णांच्या माडीवर खोली मिळाली. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे उतरलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कन्नडमधले 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, इतके मुरलेले की महिनाभरात प्रतिमाच्या पत्रांतही ते उतरू लागले.

त्या आवाजाबद्दल तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. अण्णांची बायको गंगव्वा भात निवडत होती. घरात सगळे तिला अव्वाच म्हणत.

"अण्णा नरसूचं पिस्तूल चालवून बघतात," अव्वा म्हणाली. अण्णा तुळशीला पाणी घालतात, असं सांगावं तशी.

नरसू म्हणजे नरसिंह, थोरला मुलगा. त्याची गोष्ट प्रतिमाला तुकड्यातुकड्यांनी कळली. चार वर्षांपूर्वी तो एका कॉफीच्या मळ्यावर राखणदार होता. मजुरांचा पगार घेऊन जाणाऱ्या गाडीवर त्याची नेमणूक असायची. नोव्हेंबरातली पहाट, घाटातलं वळण, रस्त्यावर आडवं टाकलेलं झाड. नरसिंहनं दोन गोळ्या झाडल्या. तिसरी आलीच नाही. चाप ओढला तर नुसतं टक् झालं. गाडीच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं ते एवढंच, की शेवटपर्यंत त्याचा डावा हात पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर होता. तो खेचत होता.

पिस्तूल पोलिसांकडे पडून राहिलं, मग परत आलं. त्यांच्या माणसानं भर उन्हाळ्यात ते चालवून पाहिलं होतं. सगळ्या गोळ्या सुरळीत सुटल्या, दोष नाही, असं त्यानं लिहून दिलं.

"दोष नाही!" अण्णा म्हणायचे. ते संस्थानच्या शस्त्रागारात उभा जन्म घालवलेले. निवृत्त झाल्यावर परवानेवाल्यांच्या बंदुका दुरुस्त करायचे. नरसूचं पिस्तूलही त्यांनीच दुरुस्तीला घेऊन, नीट करून त्याच्या हाती दिलं होतं. "दोष नाही तर माझा पोरगा काय खेळत होता तिथं?"

म्हणून रोज संध्याकाळी ते शेडमध्ये बसायचे. दारू न भरता बनवलेल्या पितळी नकली गोळ्या डबीत भरायच्या, डबी पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची, आणि वरचा भाग झटकन मागे खेचून सोडायचा. खट्-खटाक. डबीतली स्प्रिंग गोळ्यांना खालून वर ढकलते, वरची गोळी नळीत जाते, पुन्हा खेचलं की ती बाहेर उडते आणि पुढची तिची जागा घेते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. प्रतिमा माडीवरून ऐकायची. एकही गोळी कधी अडली नाही.

"सध्या तो नाही इथं," अव्वा एकदा सहज म्हणाली. "दसऱ्याला येईल."

प्रतिमाला वाटलं, ती धाकट्या एकोजीबद्दल बोलते आहे. पण एकोजी तर मागच्या अंगणात सायकल पुसत होता.

एकोजी तेवीस वर्षांचा, हसरा. त्यालाही मळ्यावरच काम लागलं होतं. मळा दुसरा, पण घाट तोच. दसरा झाला की चार दिवसांनी निघायचं होतं, आणि पिस्तुलाचा परवाना आता त्याच्या नावावर झाला होता.

"काय अक्का," तो प्रतिमाला म्हणाला, "तुमच्या लॅबमध्ये भूत मोजायचं यंत्र आहे का?"

"आहे. पण भुतानं आधी अर्ज करावा लागतो."

"कन्नडमध्ये चालेल?"

"तीन प्रतींत."

तो खो खो हसला. मग त्यानं शेडकडे पाहिलं. "आमचा नरसण्णा काही अर्ज करणाऱ्यांतला नव्हे," तो म्हणाला. "तो सरळ येतो."

खंडेनवमीला सगळं चिकपेट लाल झालं. दुकानांच्या दारांत फोडलेले कोहळे, त्यांच्या पोटांत कालवलेलं कुंकू, शिवणयंत्रांना झेंडूच्या माळा, हमालांच्या हातगाड्यांच्या चाकांनासुद्धा हळदीची बोटं. शेडमध्ये अव्वानं पाट मांडला. कानशी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, छोटी ऐरण, आणि मधोमध पिस्तूल. शेजारी त्याची डबी, नकली गोळ्यांनी भरलेली.

अव्वानं चांदीच्या वाटीत कुंकू कालवलं होतं. पाण्यात नव्हे, तुपात. पाण्यानं लोखंड गंजतं, हे बंदूकवाल्याच्या बायकोला वेगळं सांगायला नको. अनामिका बुडवून ती एकेका हत्याराला टिळा लावत गेली. डबीपाशी आली तेव्हा मात्र तिचा वेग मंदावला. डबीच्या कुशीला ओळीनं गोल भोकं होती. आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. अव्वा एकेका भोकावर बोट ठेवायची, हलकेच दाबायची, ओठ हलवायची आणि मग पुढच्या भोकाकडे जायची.

"काय म्हणता अव्वा त्यांना?" प्रतिमानं हळूच विचारलं.

"प्रत्येक भोकाआड एक गोळी असते की नाही? नरसूनंच दाखवलं मला, पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा. मी एकेकीला सांगते, बाई ग, ज्याच्या हातात आहेस त्याला घरी आण."

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी शमीची पानं वाटून झाली. अण्णांनी पिस्तूल पाटावरून उचललं, बाहेरून फडक्यानं नीट पुसलं, डबी पुसली, मुठीत सरकवली. प्रतिमा पानं द्यायला शेडमध्ये आली होती. मागं पाहते तो अव्वा दारात उभी. या वेळी ती कधीच इकडे फिरकत नसे.

खट्-खटाक. गोळी फरशीवर.

खट्-खटाक. दुसरी गोळी.

खट्. या वेळी मात्र वरचा भाग रिकाम्या घशानं मिटला. अण्णांनी पुन्हा खेचलं. बाहेर काहीच पडलं नाही. डबीत गोळ्या होत्या. भोकांतून पितळ चमकत होतं. पण वर यायला तयार नव्हत्या.

"आला," अव्वा म्हणाली.

तिचा चेहरा असा उजळला की प्रतिमाला क्षणभर तिच्याकडे पाहवेना. अव्वा पदर सावरत आत गेली, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून एक जास्तीचं ताट मांडल्याचा आवाज आला.

अण्णांनी डबी मुठीतून काढली. "दरवर्षी," ते म्हणाले. "उन्हाळाभर नीट चालतं. दसरा उलटला की तिसऱ्या गोळीपाशी अडतं. संक्रांतीनंतर आपोआप सुटतं. ती म्हणते, पोर सणाला घरी येतं. येऊ दे. मी काही बोलत नाही." त्यांनी डबी उलटी करून तिच्या बुडाकडे बोट दाखवलं. तिथं कथलाच्या डाखाची जाड रेघ होती. "पण मला माहीत आहे काय ते. बुडाची पट्टी सैल होती म्हणून मी डाखून टाकली. बसवताना स्प्रिंगचा एक वेढा कापला. एकच. तिचा जोर कमी पडतो. मीच मारला त्याला."

"उघडून पाहिलंत?"

"कशाला? काय आहे ते ठाऊक आहे. वरून रॉकेल ओतून धुतो मी दर उन्हाळ्यात. लाल पाणी येतं. गंज. तोही माझाच निष्काळजीपणा."

"मग एकोजीला हे देणार तुम्ही?"

"परवान्यावर याचा नंबर आहे, अम्मा. दुसरं आणायला मळेवाले थांबणार नाहीत. ती म्हणते, नरसू भावाला दगा देणार नाही." म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. "तू शिकलेली आहेस. दोष शोधून दे. नाहीतर मला सांग की दोष नाही आणि पोरगं खरंच येतं. दोन्हीपैकी एक काहीतरी सांग."

त्या रात्री प्रतिमाला झोप नीट लागली नाही. भुताचा तिला राग आला होता. प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठांचा एकच हेका असायचा, तपमान लिहिल्याशिवाय कसलंही माप लिहायचं नाही. हे त्यांचं वेड आहे असं ती मैत्रिणींना सांगत असे. आज मात्र तेच आठवत राहिलं.

रविवारी भर दुपारी ती शेडमध्ये गेली आणि अण्णांना पिस्तूल चालवायला लावलं. वरचे पत्रे तापले होते. खट्-खटाक, खट्-खटाक, खट्-खटाक. तिसरी आली. चौथी आली. डबी रिकामी झाली.

"दुपारी तो नसतो," अण्णा म्हणाले. त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की प्रतिमाच्या अंगावर काटा आला.

"वर्षभर तुम्ही संध्याकाळीच बसता. दुपारी कधी पाहिलं होतंत?"

अण्णा वाकून फरशीवरच्या गोळ्या गोळा करू लागले.

"स्प्रिंग कमी पडत असती, अण्णा, तर दुपारीही कमीच पडली असती. स्प्रिंगला घड्याळ कळत नाही."

संध्याकाळी गार वारा सुटला. दोन गोळ्या आल्या, तिसरी अडली. प्रतिमानं डबी काढून घेतली, दोन्ही तळव्यांत धरली आणि शालीच्या आत, पोटाशी घट्ट दाबून बसून राहिली. अण्णा पाहत होते. एकोजी अंगणातून आला आणि थट्टा करायचं विसरून उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं ऊब धरलेली डबी परत दिली.

खट्-खटाक. खट्-खटाक. खट्-खटाक.

तिसरी गोळी फरशीवर पडून गडगडत एकोजीच्या पायाशी गेली.

"बघा," दारातून अव्वाचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. "मी म्हणतच होते. थंडी वाजते त्याला."

प्रतिमानं तिच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या प्रयोगाची भीती वाटली. सगळं बरोबर जुळत होतं. दोन्ही बाजूंनी जुळत होतं.

"डाख उघडा, अण्णा," ती म्हणाली.

"बेडा अम्मा. नको."

"उद्या सकाळी एकोजी निघणार आहे."

एकोजी पुढं झाला. "उघडा की," तो म्हणाला. "मी थंडीतच जातोय."

अव्वा आत निघून गेली. अण्णांनी डाखणी विस्तवावर तापवली. कथील वितळून चमकलं, पट्टी निघाली, आणि दाबलेली स्प्रिंग उसळून बाहेर आली. अण्णांनी ती ताणून बोटांनी वेढे चाचपले. "आखूड आहे," ते पुटपुटले. "पण जोर आहे. आहे जोर." मग त्यांनी गोळ्यांना खालून उचलून धरणारी छोटी पत्री डबीतून ओढली. ती सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्या कडांना लालसर, घट्ट मळ चिकटलेला होता. डबीच्या आतल्या भिंतीवरही, बरोबर भोकांच्या रेषेत, तोच थर. प्रतिमानं काडीनं थोडा खरवडून पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि गरम डाखणी त्याच्या जवळ नेली. मळ विरघळला, पसरला, आणि शेडमध्ये तुपाचा वास सुटला.

देवघरातला वास.

सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिल्या दोन गोळ्या भोकांच्या वर असतात, त्या सुटतात. तिसरीपासून पुढच्या भोकांच्या आड. भोकांतून आत दाबलेलं तूप दुपारी पातळ असतं, गारठ्यात गोठतं, आणि गोळ्यांना, पत्रीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. पिस्तुलाचा वरचा भाग झटक्यात पुढं येतो तोवर गोळी वर पोचलेलीच नसते. नोव्हेंबरातली पहाट, घाट.

"गंज नव्हता," अण्णा म्हणाले. "मी दर उन्हाळ्यात तिचं कुंकू धूत होतो."

त्यांनी फडकं चुरगाळून खिशात घातलं. "तिला नाही सांगायचं. स्प्रिंगच होती. ऐकलं ना रे एकोजी? स्प्रिंग. माझ्या नावावर आहे, माझ्याच राहू दे."

"आणि पुढच्या दसऱ्याला?" प्रतिमा म्हणाली. "एकोजी सणाला घरी येईल. पिस्तूल पाटावर ठेवलं जाईल."

अण्णांनी दुसरं फडकं घेतलं.

डबी आतून लखलखीत पुसून, पुरती कोरडी करून, अण्णांनी या वेळी पट्टी डाखली नाही. खाचेत नीट बसेल अशी घासली, कधीही काढता यावी म्हणून. मग नकली गोळ्या भरल्या आणि थंडगार झालेल्या शेडमध्ये पिस्तूल चालवलं. कुठंही न थांबता गोळ्या एकामागून एक पडत गेल्या आणि डबी रिकामी झाली.

अव्वा दारात होती. ती तिसरीपाशी आवाज थांबण्याची वाट पाहत होती. आवाज थांबला नाही.

"गेला?" तिनं विचारलं.

अण्णा तिच्याकडे बघेनात. एकोजी बघेना. प्रतिमाला वाटलं, आपण माडीवर निघून जावं, आपलं काम झालं. पण उद्याचं एकोजीचं निघणं आणि पुढच्या वर्षीची चांदीची वाटी एकदमच तिच्या डोळ्यांसमोर आली. एवढंच बोलता आलं तिला, "अव्वा, पुढच्या वर्षी भोकांवर कुंकू लावू नका."

अव्वा उभीच राहिली. तिनं प्रतिमाकडे पाहिलं, मग अण्णांच्या खिशातून डोकावणाऱ्या फडक्याच्या लाल टोकाकडे. मग सावकाश आपला उजवा हात वर धरला. नवमीचा रंग अनामिकेच्या नखाशी अजून होता.

"पाणी लावू नको, लोखंड आहे, तूप लाव, असं मीच सांगितलं होतं तुला," अण्णा एकदम म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षी. आठवतं?"

"आठवतं," अव्वा म्हणाली. मग तिनं प्रतिमालाच विचारलं, "ऊब दिली की चालतं ना ग? त्यानं ती डबी आत, छातीशी धरली असती, तर?"

प्रतिमाला खोटं बोलता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण समोरची बाई दिलासा मागत नव्हती, उत्तर मागत होती.

"चाललं असतं, अव्वा."

"म्हणजे थंडीच वाजत होती त्याला," अव्वा म्हणाली आणि आत गेली. जास्तीचं ताट उचलून फळीवर ठेवल्याचा आवाज त्यांनी बाहेर ऐकला.

सकाळी एकोजीची ट्रंक दारात आली तेव्हा अव्वाचे डोळे सुजलेले होते. तिच्या हातात तांबड्या फ्लॅनेलची एक लहानशी पिशवी होती. तिला गळ्यात घालता येईल अशी नाडी. नरसिंहच्या जुन्या बंडीचं कापड होतं ते. एकोजीनं ओळखलं.

"डबी यात. सदऱ्याच्या आत ठेवायची, वर नाही. घाट यायच्या आधीच काढून पिस्तुलात घाल."

"अव्वा, आता ती साफ आहे. आता गारठ्यातही..."

"असू दे साफ. ठेव म्हणते ना!"

"सरी, सरी. ठेवतो."

तिनं त्याच्या हातावर दही घातलं. मग कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाशी नेलं. तिथं ते थांबलं. कपाळापासून दोन तांदळांच्या अंतरावर बोट नुसतं अधांतरी राहिलं. एकोजी वाकून उभा होता, डोळे मिटून. गल्लीत टांगेवाला ओरडत होता. प्रतिमाला वाटलं, ती आता हात मागं घेईल आणि मग तो हात कधीच कुणाच्या कपाळाकडे जाणार नाही.

अण्णा पुढं आले. चार माणसांत बायकोचा हात धरायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बोट मुलाच्या कपाळावर टेकवलं. टिळा जरा वाकडा उठला.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून परत आल्यावर प्रतिमा माडीवर जाऊन बसली. दुकानांच्या फळ्या लागल्या, मारुतीची घंटा झाली. शेडमध्ये आता पिस्तूल नव्हतं. तरी तिचे कान खाली लागले होते. ते तिला कळलं आणि तिची तिलाच शरम वाटली. तिनं खिडकीतून खाली पाहिलं.

अण्णा रिकाम्या बाकड्यावर बसले होते. अव्वा दारात उभी होती, नसलेला आवाज ऐकत. थोड्या वेळानं अण्णा बाकड्यावर किंचित बाजूला सरकले. अव्वा आत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिनं उजवा हात पदराच्या आत घेतला होता, पोटाशी, गारठ्यात काही उबेला धरावं तसा.